पल्याडच्या किनाऱ्यावर एकही चूक नाही

३ मार्च, ऑफिसमधून

बारके,

तीन वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. कामाचं पत्र आहे.

शुक्रवारी प्रकाशकांचा माणूस घरी येऊन तुझ्या कादंबरीच्या सातव्या भागाची पक्की प्रत देऊन गेला. सहाशे बारा पानं. सोबत प्रकाशकांची चिठ्ठी होती : 'नेहमीप्रमाणे तपासून, सही करून वीस तारखेपर्यंत परत करावे.' नेहमीप्रमाणे म्हणे! मी शेवटच्या पानावर 'तपासले, चालेल' असं लिहून सही केल्याशिवाय आपण लहानपणी रचलेल्या जगातलं एक पानही छापायला जायचं नाही, हे पहिल्या भागापासून करारातच आहे. म्हणून त्यांना माझी पायरी चढावी लागली. तू मात्र चढली नाहीस.

आता मुद्द्याचं विचारते. हे पुस्तक कोणी लिहिलंय?

दचकू नकोस, नीट ऐक. शनिवारी सकाळी मी नेहमीसारखी बसले. पेन्सिलींना टोक केलं, आपल्या जगाचा मोठा नकाशा भिंतीला लावला, चंद्राचं कॅलेंडर मांडीवर घेतलं. माझ्या करंगळीचं एक पेर म्हणजे एका दिवसाची चाल, हे माप तू सात वर्षांची आणि मी पंधरा वर्षांची असताना ठरलं. बाबा ऑफिसातून बिघडलेले नकाशे आणायचे, त्यांच्या कोऱ्या पाठीवर. त्या मापाने मी रविवार संध्याकाळपर्यंत दोनशे बारा पानं मोजली. अंतरं मोजली, भरती-ओहोटी मोजली, कोणाचं वय किती, कोणाच्या कुठल्या पायाला लागलं होतं, सगळं. एक चूक नाही. एकही नाही!

तुझ्या हातून? चौथ्या भागात तुझा चंद्र एका आठवड्यात दोनदा पूर्ण भरला होता. दुसऱ्या भागात मेलेला आचारी पाचव्या भागात खुशाल भांडी घासत बसला होता. पुलापासून मिठाच्या किल्ल्यापर्यंत चार दिवसांची वाट, तर तुझी माणसं सकाळी निघून दुपारी किल्ल्यात हातपाय धूत होती. सहा भागांत मी तुझ्या मिळून एकशे एकोणनव्वद चुका काढल्या, माझ्याकडे यादी आहे. आणि आता तीन वर्षं माझं तोंड न बघता तू एकदम सोवळी झालीस? मला शेंडी लावायची तर जरा बेताने लाव.

शिवाय तो वारा. समुद्रापलीकडच्या तुझ्या त्या 'पल्याड'च्या किनाऱ्यावर वारा कुठल्या महिन्यात कुठून वाहतो, उन्हाळ्याच्या शेवटी अकराच दिवस तो उलटा कसा फिरतो, हे इतकं नेमकं लिहिलंय की मला ऑफिसातले जुने तक्ते काढून बघावं लागलं. वाऱ्यातलं तुला काय कळतं? लहानपणी पतंग उडवताना तू वाऱ्याकडे तोंड करून पळायचीस. ज्याला वाऱ्यातलं कळतं तो तुझ्या घरात राहतो आणि हवामान केंद्रावर नोकरी करतो. कुठेतरी पाणी मुरतंय, बारके.

उत्तर दे. हाताने लिहून दे.

ताई


९ मार्च, रविवार

बारके,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी, तेही मशीनवर छापलेल्या! 'ताई, पुस्तक मीच लिहिलं आहे. मी बरी आहे.' खाली सही. सही तर कोणीही करतं. मी तीस वर्षं नकाशे आणि सह्याच पाहत आले आहे, मला सहीचं कौतुक सांगू नकोस. मी हाताने लिहायला सांगितलं होतं, ते सोयीस्कर विसरलीस. की लिहिणाऱ्याचं अक्षर तुझ्यासारखं नाही?

या आठवड्यात आणखी दीडशे पानं झाली. अजून चूक सापडलेली नाही. आता तर माझी झोपच उडाली आहे. तुला वाटेल ताई हट्टाला पेटली. पेटले आहेच. पण त्याहून जास्त धास्ती वाटते, ती कशाची ते ऐक.

तू बरी असतीस तर चुकली असतीस. तुझं डोकं पुढे पळतं आणि हात मागे राहतो, तू तशीच आहेस. या पानांत कोणीतरी शांतपणे, खाली बसून, एकेक गोष्ट पडताळून लिहितंय. गोष्टीतली नावाडीण बोलते ती आपलीच नावाडीण आहे, हे मान्य. तिचं ते पाण्याशी भांडणं, होडीला 'म्हातारे' म्हणणं, सगळं तसंच. पण सहा भाग वाचलेल्या कोणत्याही हुशार माणसाला ते उचलता येईल. मग माझी बहीण कुठे आहे? आजारी आहे का? तुला लिहिता येईनासं झालंय आणि घरातल्यांनी ते झाकून ठेवलंय का? नाव तुझं आणि हात दुसऱ्याचा, असं चाललंय का?

आता तू म्हणशील फोन का नाही केलास. केला होता. बुधवारी संध्याकाळी. त्याने उचलला. मी ठेवून दिला.

आणि एक सांगायचं राहिलं. शुक्रवारी मी प्रकाशकांना पत्र पाठवलं. 'सदर लेखन माझ्या बहिणीचे आहे याची मला खात्री नाही, सबब मी सही करू शकत नाही.' त्यांचा लगेच ऑफिसात फोन. "बाई, तुम्ही काय म्हणताय ते तुम्हाला कळतंय ना? असं असेल तर मला पुस्तक कायमचं बाजूला ठेवावं लागेल. वीस तारखेपर्यंत सही आली नाही तर मी ते मागे घेतो."

मी म्हटलं, "घ्या मागे."

हे तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. माझी चूक असेल तर समोर येऊन सांग.

ताई


१३ मार्च, ऑफिसमधून

बारके,

समोर ये म्हटलं तर तू त्याला पाठवलंस!

आमच्या अभिलेख कक्षात खिडकीशी नकाशाच्या नकला घ्यायला रांग असते. मी खाली मान घालून शिक्के मारत होते. "कोणता तुकडा?" असं मी न बघताच विचारलं, तर पलीकडून आवाज आला, "नकाशा नको, ताई. पाच मिनिटं हवीत." वर बघते तर तुझा हवामानवाला! घाम पुसत, हातात टोपी, रांगेत पंधरावा नंबर लावून उभा राहिला होता म्हणे. तुमच्या लग्नाला मी आले नाही, त्यामुळे माणूस पहिल्यांदाच नीट पाहिला. मला वाटलं होतं त्याहून बुटका आहे.

बाहेरच्या बाकावर बसलो. मी चहा विचारला नाही. सरळ म्हटलं, "पुस्तक तुम्ही लिहिलंत का?"

तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "मला घरचं पत्र धड लिहिता येत नाही, ताई. वाऱ्याचं तिने विचारलं, ते मी सांगितलं. तेवढंच. बाकी तिचंच आहे. रोज सकाळी पाच ते दहा."

"मग चुका कुठे गेल्या?"

यावर टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर. मग म्हणाला, "त्याबद्दल मी बोलायचं नाही असं तिने बजावलंय."

ऐकलंस? म्हणजे काहीतरी आहे! मी म्हटलं, "म्हणजे लपवण्यासारखं आहे तर."

"लपवण्यासारखं नाही. म्हणजे, आहे. पण तुमच्या विरुद्ध नाही." उठताना म्हणाला, "ताई, पुस्तक थांबलं त्या दिवसापासून ती सकाळी टेबलाशी बसते, पण लिहीत नाही. खिडकीतून बघते नुसती. ते थांबवू नका. माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढा."

फार गोड बोलतो. गोड बोलणाऱ्यांचा मला नेहमीच संशय येतो. आमच्या ऑफिसात जेव्हा नकाशे काढायची यंत्रं आली, तेव्हा साहेब असेच गोड बोलले होते. "तुमचा अनुभव आम्हाला हवाच आहे." आणि दुसऱ्या दिवशी माझा आरेखनाचा फळा व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेला होता, वर कोणीतरी छत्र्या लटकवल्या होत्या. तेव्हापासून मी या कक्षात शिक्के मारतेय. तेव्हा गोड बोलणं मला ऐकवू नकोस.

पण तो गेल्यावर माझ्या हातून एका नकलेवर शिक्का उलटा पडला. असं कधी होत नाही.

तो काय बोलायचं नाही म्हणाला, ते मी शोधून काढणार आहे. तुझी ट्रंक माळ्यावर आहे. सगळ्या कच्च्या वह्या तू इथेच टाकून गेलीस. 'ताई, कच्ची वही बघायची नाही, पक्की प्रतच बघायची' हा तुझा नियम मी बावीस वर्षं पाळला. आता पाळणार नाही. तुझं खरं लिहिणं आणि ही सहाशे पानं शेजारी शेजारी ठेवते. हात दुसऱ्याचा असेल तर लगेच दिसेल.

तुला आधी सांगून करतेय. चोरून नाही.

ताई


१६ मार्च, रविवार, दुपार

ट्रंक काढायला खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई आल्या. त्यांनी स्टूल धरलं, मी वर चढले. "बहिणीची आहे ना? मग तिलाच बोलवायचं होतं काढायला," म्हणाल्या. मी म्हटलं, ती येत नाही. "तुम्ही बोलावलंत का?" त्यांना कोणी विचारलं होतं?

बारके, अक्षर वाईट येईल, वाच तसंच.

मी तिसऱ्या भागाची कच्ची वही आधी काढली. पुलापासून मिठाच्या किल्ल्यापर्यंतचं प्रकरण उघडलं. तुझ्याच अक्षरात, शाई सांडलेली, खाडाखोड केलेली. आणि तिथे लिहिलंय, 'चौथ्या दिवशी संध्याकाळी किल्ला दिसला.'

चौथ्या दिवशी. बरोबर. तू मुळात बरोबरच लिहिलं होतंस.

बाजूला समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात : 'ताईसाठी — सकाळी निघून दुपारी पोचवायचे.'

मला आधी कळेचना. मी पान उलटलं. 'ताईसाठी — घोड्याचा उजवा पाय, दोन पानांनी डावा करायचा.' आणखी उलटलं. वहीच्या शेवटी पूर्ण पानभर यादी, वर शीर्षक 'ताईसाठी', खाली आकडे घातलेल्या चौदा चुका. माझ्या यादीत तिसऱ्या भागाच्या चौदाच आहेत.

मग मी खाली जमिनीवरच बसले आणि सगळ्या वह्या काढल्या. पहिल्या दोन भागांत यादी नाही, तिथल्या चुका खऱ्या होत्या. तिसऱ्यापासून प्रत्येक वहीच्या शेवटी यादी. चौथ्यात : 'चंद्राची एक कठीण घालायची. दोन दिवस पुरेल तिला.' पुढे : 'ताईला बढती नाकारली. सोप्या तीन, पहिल्या पन्नास पानांतच.' पाचव्यात : 'गुडघ्याचं ऑपरेशन, महिनाभर पडून राहणार. भरपूर घाल.' आणि त्याच पानावर तळाशी : 'आचाऱ्याला परत जिवंत करायचा. ताई हसेल.'

हसले होते मी. प्लॅस्टर घातलेला पाय उशीवर ठेवून इतकी हसले होते की तू स्वयंपाकघरातून धावत आलीस आणि "काय झालं, काय झालं" म्हणत दारात उभी राहिलीस. काय साळसूद चेहरा केला होतास! "अगं बाई, तो मेला होता का?" म्हणालीस.

सतरा वर्षं, बारके. सतरा वर्षं तू मला खेळवलंस. मी लोकांना सांगत फिरले, ऑफिसात, शिंपीणबाईंना, एका सभेत प्रकाशकांच्या देखत, की माझी बहीण गोष्ट सांगते पण ती उभी करते मी. लोक माना डोलवायचे. तू शेजारी बसून हसायचीस. काय वाटत असेल तुला तेव्हा? दया? लहान मुलाला खेळात मुद्दाम जिंकू देतात तसं?

मला कोणाची दया नको होती. तुझी तर नाहीच नाही. मला आत्ता तू समोर असतीस तर एक थोबाडीत मारली असती.

सही करणार नाही. आता तर नाहीच.


१८ मार्च, ऑफिसमधून

बारके,

रविवारचं पत्र मी टाकून दिलं पेटीत, रागाच्या भरात. परत काढता आलं नाही. तुला मिळालं असेल. थोबाडीचं मनावर घेऊ नकोस, किंवा घे, माझी काही तक्रार नाही.

दोन दिवस मी तारखा लावत बसले. दुसरं मला काय येतं? तिसऱ्या भागाची पक्की प्रत तू माझ्या हातात दिलीस तो महिना आणि माझा फळा व्हरांड्यात गेला तो महिना एकच आहे. त्या महिन्यात मी ऑफिसातून येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे. तू ताट वाढायचीस, मी म्हणायचे भूक नाही. एक दिवस तू तो गठ्ठा उशाशी आणून टाकलास आणि म्हणालीस, "ताई, मेले मी. काहीतरी गोंधळ झालाय यात, मला सापडत नाही. तूच बघ." मी उठून बसले. पेन्सिल कुठे आहे विचारलं. त्या संध्याकाळी जेवले, आणि तुला सांगते, पोटभर जेवले.

हे मी विसरले नव्हते. मला वाटायचं, तुझ्या पुस्तकाने मला वाचवलं आणि मी तुझं पुस्तक वाचवलं, दोघींची फिटंफाट झाली. तसं नव्हतं तर.

आता तू घर सोडलंस त्या दिवसाबद्दल. आजवर मी त्याविषयी एक अक्षर काढलं नाही, पत्रातही त्याला वळसाच घातला. तू म्हणालीस पश्चिमेच्या समुद्रापलीकडे जमीन असावी असं तुला वाटतं, नवा खंड, नवी माणसं, आपल्या नकाशाच्या बाहेर. मी म्हटलं नकाशा तिथे संपतो, मी काढलाय, मला माहीत आहे. आपण तासभर भरती-ओहोटीवर भांडलो. भरती-ओहोटीचं काही नव्हतं, बारके. मी तुझ्या टेबलावर त्याचं पत्र पाहिलं होतं. हवामान केंद्राचा शिक्का असलेलं. उघडून वाचलं नाही, पण पाहिलं. तू जाणार हे मला कळलं होतं, म्हणून मी समुद्रापलीकडे पाणीच आहे असं म्हणत बसले.

आणि मग मी ते बोलले. "माझ्याशिवाय तुझं एक पान उभं राहणार नाही. तुला साधा घोडा पुलावरून धड पलीकडे नेता येत नाही, आणि निघालीस खंड शोधायला!"

तुझ्याकडे उत्तर होतं. चार वह्या भरून उत्तर होतं, डोक्यावर माळ्यावर. एक वाक्य बोलली असतीस की जमिनीवर आले असते मी. तू माझ्याकडे बघितलंस, तुझा ओठ हलला, मला वाटलं आता बोलेल काहीतरी लागणारं. आणि तू चपला घातल्यास.

तीन वर्षं मी तुला कृतघ्न म्हणतेय. मनात, आणि शिंपीणबाईंकडेही.

आता एक गोष्ट विचारते, आणि खरं सांग. या भागात एकही चूक नाही, ती माझं ते बोलणं लागलं म्हणून? की आता ताईची काळजी करायची नाही असं ठरवलंस म्हणून? की तुला वाटलं मी आता बरी आहे? सहाव्या भागाची वही पुन्हा बघितली. यादीच्या खाली तू लिहिलंयस, 'सांगायचं का तिला?' आणि खाली, वेगळ्या शाईने, 'नको.' त्यापुढे काही नाही.

ताई


२० मार्च, संध्याकाळ

बारके,

सही करून पाठवली. मी स्वतः जाऊन दिली, आज रजा टाकून. प्रकाशक म्हणाले, "खात्री झाली का बाई?" मी म्हटलं, "झाली. आधीचं पत्र माझं मीच लिहिलं होतं आणि ते मूर्खपणाचं होतं, ते फाडा." त्यांनी माझ्यासमोर फाडलं. पुस्तक उद्या छपाईला जातंय. तू सकाळी टेबलाशी बस.

पण एक कबुली द्यायची आहे, ती त्यांना दिलेली नाही. 'तपासले, चालेल' असं मी लिहिलंय ते खोटं आहे.

तीनशे बासष्ट पानांपर्यंत मी तपासलं होतं. पुढची अडीचशे उरली होती. काल कामावरून आले, हातपाय धुतले, पट्टी घेतली आणि बसले. नावाडीण पल्याडच्या गावात आहे, तिथे कोणी मानतच नाही की समुद्राच्या दुसऱ्या बाजूला जमीन आहे. दीपगृहाचा तो म्हातारा रोज तिला विचारतो, "तू खरंच कुठून आलीस?" आणि ती रोज वेगळं उत्तर देते, कारण खरं उत्तर दिलं तर तो तिला वेडी समजेल. एक दिवस ती चिडून त्याला सगळं सांगते. पूल, किल्ला, मीठ, आचारी, सगळं. आणि तो शेवटी म्हणतो, "बरं. मग तिकडे तुझी वाट कोण बघतंय?"

मग पट्टी कुठे गेली मला माहीत नाही. मी वाचत गेले. ती किती दिवस चालली, चंद्र केवढा होता, कोणाचा पाय दुखत होता, मी मोजलं नाही. तहान लागली तरी उठले नाही. बावीस वर्षांत तुझं पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं, बारके. सहाही भाग मी तपासले होते, वाचला एकही नव्हता. किती सुंदर लिहितेस तू! हे तुला कोणी कोणी सांगितलं असेल, मी कधीच नाही.

त्या अडीचशे पानांत चुका असतील. खऱ्या असतील, नाहीतर माझ्यासाठी पेरलेल्या असतील. मला आता ते जाणून घ्यायचं नाही. त्यांच्यासकट छापू दे. तीस वर्षं नोकरी केली, न बघितलेल्या कागदावर मी कधी सही केली नव्हती. काल केली, आणि शांत झोपले.

त्याला म्हणावं, वारा उत्तम आहे. आणि रांगेत उभं राहिल्याबद्दल चहा माझ्याकडे उधार आहे.

शेवटच्या पानावर तिची होडी दुरुस्त झालेली आहे, वारा उलटा फिरायला लागलाय, ते अकरा दिवस सुरू झालेत आणि ती एक पाय होडीत, एक पाय वाळूत ठेवून उभी आहे. तिथे तू गोष्ट थांबवलीस. आठव्या भागात काय करायचं ते अजून तुझं ठरलं नसेल, किंवा ठरलंही असेल. मी तुला ओळखते. तू तिला परत आणशील. इकडे कोणीतरी एकटं आहे म्हणून अकरा दिवसांत धडपडत, होडी फुटेस्तोवर, परत आणशील.

आणू नकोस. इकडचं मी बघते. शिंपीणबाई आहेत, ऑफिस अजून दीड वर्ष आहे, गुडघा बरा आहे. वारा फिरू दे, अकरा दिवस संपू दे. तिला तिथेच राहू दे, बरी आहे ती तिथे.

तुझी,
ताई